प्रस्थानाचं बोचकं

आमच्या घरातलं कुणीही तोवर नुसतं काही बघायला म्हणून गावाबाहेर पडलं नव्हतं. देवाला जायचो, लग्नाला जायचो, मयताला जायचो, दुखणं हाताबाहेर गेलं की मिरजेला जायचो. पण भाकरी बांधून घ्यायची, हातातलं काम टाकायचं, एखादी इमारत बघायची आणि बघून परत यायचं, हे कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यामुळं अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रजेवर आल्यावर आठ-दहा दिवसांनी जेवताना म्हणाला, "आईला इजापूरचा गोलघुमट दावून आणावा म्हंतुय," तेव्हा आमच्या वडलांचा हात ताटातच थांबला. वडलांना आम्ही आबा म्हणायचो.

"तितं देव कुठला हाय?" आबांनी विचारलं.

"देव न्हाई आबा. बादशाची कबर हाय. वर ह्यो एवडा घुमट."

"मग पाया कुणाच्या पडायचं?"

"पाया न्हाई पडायचं. बगायचं."

"बगून काय करायचं?"

अण्णा तोफखान्यात होता. कराची बघून आला होता, मद्रास बघून आला होता, पण आता तो भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत बसला. तेवढ्यात चुलीपुढनं आई म्हणाली, "मला बगायचाय. लय दिसांचं मनात हाय माज्या." मी आईकडं बघतच राहिलो. तिच्या तोंडून गोलघुमट हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. आबा म्हणाले, "तुला कुणी सांगितला त्यो?" आई म्हणाली, "सांगायला कशाला पायजे? ठावं असतंय बाईमानसाला." मग अण्णाला जोर आला. तो सांगू लागला, की वर घुमटाच्या आतनं गोल फिरायला सज्जा आहे, आणि तिथं एक नवल आहे. "ह्या अंगाला भितीला तोंड लावून हळू बोललं, का त्या अंगाला भितीला कान लावलेल्याला ऐकू जातंय. मदी कुणी बसलं असंल तर त्याला काय सुदिक कळत न्हाई." हे बोलताना तो आबांकडं बघत होता, आईकडं बघत होता, माझ्याकडंही बघत होता. आतल्या दाराआड वहिनीच्या बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या.

मी तेव्हा मिसरूड फुटलेला गडी होतो. ऐकत होतो सगळं, कळत काही नव्हतं.

आमचं घर पलूसच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. घर म्हणजे पुढं सोपा, मधलं घर, त्याच्यामागं स्वैंपाकघर आणि परड्यात गोठा. सोप्यात बाप्ये, आत बाया. अण्णाचं लग्न पहिल्या रजेत उरकलं होतं आणि अंगावरची हळद उतरायच्या आत तो परत गेला होता. ही दुसरी रजा. पलटणीतला माणूस घरी आलाय म्हटल्यावर सोपा दिवसभर भरलेला असायचा. कुणी आपल्या पोराची खबर विचारायला यायचा, कुणी नुसताच पान खायला. मुक्कामाला पाव्हणे, त्यांच्या ओळीतच अण्णाचं अंथरूण. थोरामोठ्यांच्या देखत नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही हा तर नियमच होता, आणि थोरंमोठं नाही असा कोपरा आमच्या घरात नव्हता. अण्णाला पाणी पाहिजे असलं की तो आईला म्हणायचा, आई आत बघून म्हणायची, "पानी." मग आतनं एक हात यायचा, तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि जायचा. दिवसातनं चार-पाच वेळा अण्णाला तहान लागायची. थंडीचे दिवस होते, तरी लागायची. वहिनीचा आवाज कसा आहे ते मलाही धड माहीत नव्हतं. पहाटे जात्यावर ती ओवी म्हणायची तेवढाच, आणि तोसुद्धा आई जागी झाली की बारीक व्हायचा.

आता माझ्या नातसुना नवऱ्याला पंगतीत सगळ्यांपुढं सुनावतात. मी कान बंद करून जेवतो. वाईट नाही वाटत, खरं सांगतो. बरंच वाटतं.

तर विजापूरला जायचं ठरलं आणि ते सगळं ठरवायचं काम मी माझ्याकडं घेतलं. कुणी दिलं नव्हतं. मी तिसरीत असताना मास्तरनं विनाकारण मारलं म्हणून पाटी त्याच्या पुढ्यात ठेवून जो उठलो तो परत शाळेत गेलो नाही. पण मोठी अक्षरं मला वाचता येत होती, आणि न येणारी मी आलीत असं समजून पुढं जायचो. रेल्वेनं मिरजेला गेलो. मावशीच्या घरी मुक्काम केला. मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन दोन दिवस एकेकाला गाठून विचारलं. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धगीवर चालायच्या. मागं उभा पिंप, त्यात कोळसा पेटवायचा, क्लीनरनं हातानं पंखा फिरवत बसायचं, धूर चांगला तापला की मोटार हलणार. चढ आला की माणसं उतरून ढकलणार. मोटारवाला म्हणाला, "अथणीपर्यंत मी नेतो. पुढं दुसरी गाडी. ती मिळंल न मिळंल, तुमचं नशीब." मी म्हणालो, "मिळंल." चार जागा सांगूनच आलो. परत येताना सतारी करतात त्या आळीतनं आलो. तिथं छपराला मोठे वाळलेले भोपळे टांगलेले, आणि एक म्हातारा एका भोपळ्यावर बोट मारत होता आणि कान लावून ऐकत होता. पुन्हा मारायचा, पुन्हा ऐकायचा. मी बराच वेळ उभा राहिलो. त्यानं काही मान वर केली नाही.

गावात आल्यावर मी काय गप्प बसतोय? देवळापुढच्या पारावर रोज संध्याकाळी सगळा बेत माझ्या तोंडून निघायचा. पहिल्या दिवशी मिरज, दुसऱ्या दिवशी अथणीवरनं विजापूर, तिथं धर्मशाळेत मुक्काम, तिसऱ्या दिवशी घुमट आणि ती थोरली तोफ, चौथ्या दिवशी परत. पोरं विचारायची, "किसन्या, घुमटात जाऊन काय वरडणार रं?" मी म्हणायचो, "माजंच नाव." ती म्हणायची, "सात येळा यील म्हनं परत. एक किसन्या सोसंना, आता सात!" सगळे हसायचे, मीही हसायचो, पण आत छाती फुगलेली असायची. आमच्या अख्ख्या भावकीत घुमट बघणारा पहिला मी होणार होतो. अण्णानं तो बघितला होता की नाही हे मी त्याला विचारलंसुद्धा नाही.

आई आणि वहिनीनं शिदोरीची तयारी सुरू केली. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगांची चटणी, तिळाचे लाडू. जोशीबुवांनी सोमवार सकाळचा मुहूर्त दिला. आणि शनिवारी घोळ झाला.

आमच्या शिवारात पाच-सहा घरांत मिळून एक गुऱ्हाळ होतं. ऊस पिळायचा चरक एकच, रस आटवायची काहील एकच, आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली. आमची पाळी पुढच्या आठवड्यात होती, म्हणूनच मी हे दिवस धरले होते. पण आमच्या आधी ज्याची पाळी होती त्याच्या भावकीत म्हातारा वारला. सुतक लागलं. सुतकात काहिलीखालच्या चुलवाणाची पूजा करता येत नाही, आणि पूजेशिवाय जाळ घालत नाहीत. त्यामुळं पाळी सरकून आमच्यावर आली ती नेमकी सोमवारी. नाही म्हणावं तर पार शेवटाला जाणार, तोवर ऊस उभा वाळणार. आबांनी रविवारीच तोड सुरू केली. "काहील कुणाची वाट बगत न्हाई," एवढंच म्हणाले. खोटं नव्हतं ते. ऊस एकदा तोडला की दोन दिवसांत रस आंबूस होतो, मग कितीही आटवा, गुळाची ढेप धरत नाही.

मुहूर्त वाया जाऊ नये म्हणून आईनं प्रस्थान ठेवायचं ठरवलं. आता हे नव्या पोरांना माहीत नसतं. मुहूर्तावर माणसाला निघता येत नसेल, तर त्याच्या कपड्यांचं बोचकं त्या वेळेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. बोचकं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग तो मागनं सवडीनं गेला तरी चालतो. पण एक आहे, प्रवास झाल्याबिगर ते बोचकं घराच्या उंबऱ्याच्या आत परत घ्यायचं नाही. घेतलं तर जाणाऱ्याची वाट तुटते म्हणत. सोमवारी सकाळी आईनं एका धडप्यात तिचं इरकली लुगडं, वहिनीचं लग्नातलं हिरवं लुगडं, अण्णाचं धोतर आणि पटका, माझी नवी बंडी असं बांधलं. गाठीत सुपारी आणि हळदीचे तांदूळ घातले. आमच्या भिंतीला भिंत लागून गोदामावशीचं घर, एकटी बाई, तिच्या घरी ते बोचकं मी स्वतः नेऊन ठेवलं. ती म्हणाली, "निगालासा म्हना की इजापूरला!" मी म्हणालो, "निगालो."

आणि तिथनं गुऱ्हाळावर गेलो.

संध्याकाळी पहिली काहील उतरल्यावर आबा चुलवाणापाशी आले. मी जाळ घालत होतो. अण्णा चरकात ऊस देत होता. आबांना आईनं दुपारी काहीतरी सांगितलं असणार, कारण ते सरळ म्हणाले, "किसना हितं जाळाला ऱ्हाईल. अण्णा, तू आईला आन सुनंला घिऊन उद्याच निग. दोनातला एक असला म्हंजी माजं भागतंय."

मी चिपाडाचा भारा खाली टाकला. "मी न्हाई ऱ्हानार."

"का रं?"

"समदं मी ठरीवलं. मोटार मी सांगून आलो. आन मीच हितं चिपाडं ढकलत बसू व्हय?"

"आरं पुना कवातरी जाशील की."

"मग ती बी पुना जातील."

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. आबांनी मला शिव्या दिल्या, माझ्या अंगावर उसाचं टिपरू फेकलं, मी हललो नाही. मला ठेवून गेलात तर मी चालत विजापूर गाठीन, पण चुलवाणापाशी उभा राहणार नाही, असं सांगितलं. त्या दिवशी जेवलोही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गोठ्यात आली. मी बैलांना वैरण टाकत होतो. हळू आवाजात म्हणाली, "किसना, म्होरल्या सालाला मी सोता तुला घिऊन जाते. एवडं ऐक माजं."

मी म्हणालो, "तुला घुमट बगायचाय, तसा मला बी बगायचाय. तुला चार पावसाळं जास्त म्हनून तुजी हौस मोठी व्हय?"

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. तिचं तोंड उघडलं होतं. काहीतरी बोलणार होती, पण ते मिशा फुटलेल्या लेकाला आईनं सांगायचं नसतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गेली. आईला घुमटाशी काही देणंघेणं नव्हतं, हे मला कळायला माझं स्वतःचं लग्न व्हावं लागलं. तिला फक्त मधे बसायचं होतं, अण्णानं सांगितलं होतं तसं. मधल्या माणसाला काही ऐकू जात नाही.

वाद अण्णानंच मिटवला. आबांना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा. दोगं मिळून वडतो, चार दिसांचं काम तिनात उरकू. मग समदीच जाऊ." आणि माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "तुज्याबिगर मजा न्हाई गड्या." मी आपला जिंकलो असं धरून चाललो. त्याचा हात गरम होता आणि जरा जड होता, एवढं आता आठवतं.

ते तीन दिवस आम्ही बैलासारखे राबलो. चरकाची ती करकर, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, काहिलीत रसाची आधी सळसळ आणि मग घट्ट झाल्यावर गदगद असा आवाज. गुळव्या डोळे मिटून नुसत्या आवाजावर सांगायचा, आता जाळ ओढ. प्रवासाची शिदोरी तशीच पडून राहणार म्हणून आईनं ती गुऱ्हाळावर पाठवली. वहिनीच्या हातच्या दशम्या आम्ही गरम काकवीत बुडवून खाल्ल्या. मी दोन घासात एक संपवायचो. अण्णा तुकडा मोडायचा, त्याच्याकडं बघायचा आणि मग तोंडात टाकायचा. मला वाटलं, दमलाय.

गुरुवारी दुपारी शेवटच्या दोन काहिली राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. बांधावरनं टपालवाला सायकल हातात धरून येताना दिसला. तार होती. अण्णानं उभ्याउभ्या वाचली, घडी केली, आणि हंड्यापाशी जाऊन हातापायाची राख धुवायला लागला. आबांनी विचारलं, "काय?" तो म्हणाला, "रजा मोडली. लगीच निगायला पायजे." आबा म्हणाले, "आरं एवडी काहील तरी उतरू दे." त्यावर तो हसला. "तुमीच म्हंतासा न्हवं, काहील वाट बगत न्हाई? तसंच हे बी हाय."

घरी येऊन तासाभरात त्यानं खाकी कपडे चढवले. आई वहिनीला म्हणाली, "जा, भाकरीचं गठुडं दे त्याच्या हातात. येशीपतुर जा." आईनं होता तेवढा वाव काढला. पण पलटणीचा माणूस निघालाय म्हटल्यावर सगळी भावकी वेशीपर्यंत चालायला लागली. आबा पुढं, चुलते मागं, पोरं चहूकडनं. वहिनी सगळ्यांच्या मागं, पदर नाकापर्यंत ओढलेला. गठुडं हातोहात पुढं जात जात माझ्याकडं आलं आणि अण्णाच्या हातात मी दिलं. स्टेशनापर्यंत मी बरोबर होतो. वाटेत मी त्याला म्हणालो, "म्होरल्या रजंत जाऊ." तो म्हणाला, "जाऊ की."

बोचकं गोदामावशीकडंच राहिलं. शिमग्याला होळीपाशी भरल्या आळीत तिनं आईला हटकलं, "आवं, न्हेतासा का कापडं? उंदरं लागत्याल." आई काही बोलायच्या आत मागनं वहिनी म्हणाली, "असू द्या मावशी. निगालोयच की आमी." इतक्या माणसांत मोठ्यानं बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. त्यानंतर दर उन्हाळ्यात वहिनी गोदामावशीच्या अंगणात जाऊन बोचकं सोडायची, कपड्यांना ऊन द्यायची, आणि परत त्याच घडीवर घडी घालून बांधायची. गाठीतले तांदूळ तेवढे बदलायची. सणावारी तिला अंगावर घालायला धड लुगडं नसायचं, पण हिरव्याला हात लावायची नाही.

लढाई थांबल्यावर अण्णा आला. अंगानं धड होता. आईनं दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं. तो सगळ्यांकडं बघून हसत होता. काही विचारलं की हसायचा, मान हलवायचा. दोन दिवस आम्ही म्हणालो, माणूस लांबनं आलाय, शिणलाय. तिसऱ्या दिवशी मळ्यात बैल बुजला आणि मोकळा सुटून त्याच्या मागनं आला. मी जीव खाऊन ओरडलो. अण्णा पाठमोरा उभा, ढिम्म हलला नाही. बैल चार बोटांवरनं गेला. तेव्हा कळलं. ब्रह्मदेशाच्या बाजूला तोफेपाशीच काहीतरी फुटलं होतं आणि त्याचे कान गेले होते. एकात अगदी काही नाही, दुसऱ्याशी तोंड नेऊन कुणी कोकललं तर थोडं. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. वहिनीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिनं दाराआडनं हळूच काहीतरी विचारलं होतं, आणि तो तिथंच बसून समोर बघत राहिला होता. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडानं, की मी नवऱ्याशी बोलायला गेले होते?

आता बघा कसं झालं. आमच्या घरात बाईनं नवऱ्याशी बोलायचं तर हळू, आणि ह्याला ऐकू जायचं तर ओरडून. आईनं त्याला जेवायला हाक मारली की तिसऱ्या घरात कळायचं. आबा त्याच्याशी बोलायला लागले की कुत्री भुंकायची. तिला ते करता येत नव्हतं. माणसं कमी झाली होती, सोपा मोकळा असायचा, आबांनी सोप्यावर नवी माडी चढवून तिथली खोलीसुद्धा त्यांना दिली होती. पण खोलीत बोललेलं खाली ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं कोणती बाई बोलेल? तिला लिहिता येत नव्हतं. तो बसायचा, ती बसायची. तांब्या उंबऱ्यावर यायचा तसाच येत राहिला.

आणि मी. मी त्याची माफी मागितली नाही. मी मागणारा माणूस नव्हे, आजही नाही. आणि मागायची म्हटली असती तर सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी मागावी लागली असती. तेवढी छाती माझ्यात नव्हती, हे मात्र आज सांगून ठेवतो.

त्या हिवाळ्यात आई म्हणाली, "परस्थान भायेर हाय. असं ठेवू ने जलमभर." आबांनी या खेपेला देव कुठला ते विचारलं नाही. म्हणाले, "जावा. गुऱ्हाळाचं मी बगतो." मी म्हणालो, "मी हितं ऱ्हातो. जाळ मी घालतो. तुमी तिगं जावा." आई अण्णाच्या कानाशी जाऊन ओरडली, "किसना न्हाई येत म्हंतोय!" अण्णानं माझ्याकडं बघितलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तो मोठ्यानंच म्हणाला, "त्यो पायजेच! मोटारवाल्यासंगं कोन बोलनार? मला ऐकू कुठं येतंय?" पूर्वी मला ठेवून जा म्हटल्यावर मी राहिलो नाही, आणि आता राहतो म्हटल्यावर मला ठेवेनात.

गोदामावशीकडनं बोचकं घेऊन तिथनंच आम्ही स्टेशनाकडं वळलो. मी आखलेला बेत पहिल्यांदा होता तसाच झाला. मिरज, अथणी, धर्मशाळा. फक्त मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पारावरही नाही. धर्मशाळेत सकाळी वहिनी हिरवं लुगडं नेसून आली. बरीच वर्षं एकाच घडीवर राहिल्यानं ते घड्यांच्या जागी विरलं होतं. उजेडात उभी राहिली की त्या रेघांतनं उजेड यायचा.

घुमट किती मोठा आहे ते मी सांगत बसत नाही. आत गेलो आणि माझी वहाण फरशीवर घासली त्याचा आवाज वरनं आला. आई म्हणाली, "मला जिनं चडवायचं न्हाईत, मी हितंच बसते." आणि खाली मधोमध, कबरीच्या चौथऱ्याजवळ खरंच बसली, मांडीवर बोचकं घेऊन. आम्ही तिघं वर गेलो. जिना अंधारा, अरुंद, संपता संपत नाही. वर सज्ज्यात पोचलो तर एक पारवा उडाला आणि त्याच्या पंखांचे शंभर पारवे झाले. अण्णानं वहिनीला हातानं खूण केली, तू त्या अंगाला जा. ती गेली. सज्ज्याच्या कडेकडेनं, भिंतीला हात लावत, ती एवढीशी होत होत पार समोर जाऊन बसली. अण्णानं बरा कान भिंतीला लावला. मी त्याच्या शेजारी उभा होतो, दमलो होतो म्हणून भिंतीला डोकं टेकलं.

भिंतीतनं आवाज आला. अगदी माझ्या कानात, कुणी शेजारी बसून बोलावं तसा. वहिनीचा. "ऐकू येतंय का?"

मी अण्णाकडं बघितलं. त्याचे डोळे तिच्याकडं होते. कान भिंतीला गच्च दाबलेला, इतका की गालाची कातडी ओढली गेली होती. पुन्हा भिंत म्हणाली, "ऐकू येतंय का आवं?" मी काय करायला पाहिजे होतं? त्याला सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, आणि तिथं ओरडलेलं सात वेळा फिरून तिच्याकडंच जाणार. गावात ज्याचं तोंड कधी मिटलं नाही त्या मी तोंडावर हात धरला. तेवढ्यात अण्णानं मान हलवली. लांबनं दिसावी अशी, मोठी, दोनदा. व्हय.

आणि वहिनी बोलायला लागली.

पहिले दोन शब्द मला ऐकू आले, तेवढ्यात मी डोकं भिंतीपासनं बाजूला घेतलं. चार पावलं मागं सरलो आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. ऐकलं असतं तर ती चोरी होती. नाही ऐकलं तर तिचं बोलणं कुणाकडंच जाणार नव्हतं. दोन्हीतलं एक मला निवडायचं होतं. त्या काहिलीपाशी जे मी केलं नाही ते इथं केलं, बाजूला झालो. त्याचा उपयोग कुणाला झाला, ते आजवर मला ठरवता आलेलं नाही. ती पुष्कळ वेळ बोलत होती. इकडनं फक्त तिचा हिरवा ठिपका दिसायचा आणि भिंतीला टेकलेलं डोकं. अण्णा मधनंमधनं मान हलवायचा. एकदा हसला. एकदा त्यानं डोळे मिटले, ते बराच वेळ उघडले नाहीत.

खाली आलो तेव्हा आई तशीच बसली होती. तिनं वहिनीच्या तोंडाकडं बघितलं, मग अण्णाकडं बघून ओठ हलवून विचारलं, आवाज न करता, "आलं का रं ऐकू?"

अण्णाला ओठ कळले. तो बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "समदं ऐकू आलं!"

वहिनीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. सासूसमोर, दिरासमोर, भर उजेडात. आणि वरनं घुमट म्हणायला लागला, ऐकू आलं, ऐकू आलं, एकेकदा थोडं हळू, थोडं लांब. आम्ही चौघं माना वर करून उभे होतो. त्यातल्या तिघांना ते ऐकू येत होतं. सातव्यांदा ते इतकं हळू आलं, की आमच्या घरात वहिनी बोलायची तेवढंच.